हिंगण्याची वाट

१९०० साली पुण्याहून हिंगण्याला जायला धड रस्ता नव्हता. बैलगाड्यांनी पाडलेली चाकोरी, दोन्ही बाजूंना शेते आणि रान, पावसाळ्यात पोटरीएवढा चिखल. फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे तास आटोपून प्रा. धोंडो केशव कर्वे संध्याकाळी या वाटेला लागत. सुमारे चार मैलांची चाल. तिथल्या विधवाश्रमातल्या बायकांसाठी शहरातून काही न्यायचे असले तर ते हातात घेऊनच निघायचे. रात्री त्यांना शिकवायचे, तिथेच पथारी टाकायची आणि सकाळी पुन्हा चालत पुणे गाठून कॉलेजच्या तासाला उभे राहायचे. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते.

या माणसाला पुढे महाराष्ट्र महर्षी म्हणू लागला. हिंगण्यात मात्र ते शेवटपर्यंत अण्णाच राहिले. वयाची शंभरी ओलांडलेले, पांढऱ्या दाढीचे, सगळ्या गावाचे आजोबा वाटावेत असे अण्णा. आज कर्वेनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात त्यांच्या संस्थेत हजारो मुली रोज शिकायला येतात. त्या संस्थेची वाटचाल सांगायची तर सुरुवात या चालण्यापासूनच केली पाहिजे, कारण अण्णांजवळ भांडवल म्हणून दोनच गोष्टी होत्या: न थकणारे पाय, आणि कोणाच्याही दारात जाऊन मागण्याची लाज न वाटणारे मन.

चालण्याची सवय कोकणातली. जन्म १८ एप्रिल १८५८चा, आजोळी शेरवलीला. घर दापोलीजवळच्या मुरूडचे. घरची स्थिती बेताची. १८७५ साली सरकारी परीक्षेला बसायचे म्हणून काही सोबत्यांबरोबर हा मुलगा भर पावसाळ्यात मुरूडहून साताऱ्याला पायी गेला. शंभराहून अधिक मैल, मध्ये सह्याद्री आडवा, वाटेत ओढे-नाले भरलेले. दिवसरात्र चालून ते वेळेत पोहोचले. परीक्षा घेणाऱ्या समितीच्या प्रमुखाने या किरकोळ अंगाच्या, लाजऱ्या पोराकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून दाखलाच नाकारला. कर्व्यांनी वाद घातला नाही, रडगाणेही गायले नाही. आले तसे परत गेले आणि पुढल्या वर्षी कोल्हापुरातून ती परीक्षा पास झाले. ‘आत्मवृत्ता’त हा प्रसंग ते ज्या साधेपणाने सांगतात तो वाचताना मला नेहमी वाटते की पुढच्या साऱ्या आयुष्याची रीत इथेच ठरून गेली. दार लागले तर आदळआपट करायची नाही आणि घरीही बसून राहायचे नाही, दुसऱ्या दाराकडे चालू लागायचे.

मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात गणित घेऊन ते १८८४ साली बी. ए. झाले. शिकवण्या करून स्वतःचे भागवायचे आणि उरल्या पैशांत घरी कोणा गरीब विद्यार्थ्याला ठेवून घ्यायचे, हा त्या काळचा क्रम. मुरूडबाहेर नोकरीला लागलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतला लहानसा वाटा गावच्या कामासाठी बाजूला काढावा, असा ‘मुरूड फंड’ही त्यांनी चालवला. हिंगण्याच्या देणग्यांचे मूळ मला या फंडात दिसते. मोठ्या देणगीदाराची वाट न पाहता पुष्कळांकडून थोडेथोडे घ्यायचे आणि त्याचा चोख हिशोब ठेवायचा, ही पद्धत त्यांना तिथे सापडली.

१८९१ साली पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला पुण्याला आले. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, हे त्यांनी ठरवून टाकले होते. मुंबईतले त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झालेली, केशवपन झालेली, सासरच्या घरात राबून तारुण्य गेलेली. भावाने तिला मुंबईला आणले, आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ साली काढलेल्या शारदासदनात ती पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात कर्व्यांचे गोदूबाईंशी लग्न झाले. त्या आनंदीबाई झाल्या, आणि सगळ्यांच्या तोंडी बाया.

मुरूडने या जोडप्याला वाळीत टाकले. म्हातारी आई आणि भाऊ गावातच. धोंडूला घरात घ्याल तर तुमच्यावरही बहिष्कार, असे गावाने बजावले. ज्या गावासाठी फंड जमवला त्या गावात आईच्या पंक्तीला बसण्याचीही सोय उरली नाही. या साऱ्याचे दुःख अण्णांना झालेच असणार, पण गावाविषयी कडवट शब्द त्यांच्या लिहिण्यात शोधूनही सापडत नाही.

१८९३ सालीच त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली होती. काही वर्षांतच त्यांच्या ध्यानात आले की पुनर्विवाहाने सुटका होणार ती मोजक्या जणींची. बाकीच्या हजारोंनी काय करायचे? ज्यांना लग्न करायचे नाही, ज्यांच्या पदरी मूल आहे, ज्यांना कोणी विचारणारच नाही, त्यांनी दिराच्या, भावाच्या घरी पडेल ते काम करत आयुष्य काढायचे का? १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली ती या प्रश्नातून. अध्यक्ष डॉ. रा. गो. भांडारकर. विधवांना शिकवायचे, स्वतःच्या पायावर उभे राहता येईल एवढे शिकवायचे, बाकी निर्णय जिचा तिने घ्यावा. आश्रम म्हणजे पुनर्विवाहाचे दुकान अशी कुजबुज होऊ लागली तेव्हा कर्व्यांनी विवाहमंडळीच्या कामातून अंग काढून घेतले. स्वतः विधवाविवाह केलेल्या माणसाला हे करताना किती जड गेले असेल! पण सनातनी घरातल्या बापानेही आपली विधवा मुलगी विश्वासाने पाठवावी, तर हे करणे भाग होते.

सदाशिव पेठेतल्या भाड्याच्या जागेत आश्रम चालू झाला, पण पुण्यात प्लेगची साथ होती. शहरात राहणे धोक्याचे झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. त्यावर १९०० साली एक झोपडी उभी राहिली. गवताचे छप्पर, कुडाच्या भिंती, मातीची जमीन. आज संस्थेच्या आवारात ती कुटी जपलेली आहे. तिच्या दारात उभे राहिले की आत किती जणी कशा मावत असतील, असा प्रश्न पहिल्यांदा मनात येतो. एका कोपऱ्यात चूल, एका कोपऱ्यात पाटी-पेन्सिल. आलवण नेसलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या बायका बाराखडी गिरवताहेत, आणि कॉलेजात उच्च गणित शिकवणारा प्राध्यापक कंदिलाच्या उजेडात त्यांना बेरीज-वजाबाकी समजावतो आहे.

त्या बायकांत बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले होत्या. विशीत वैधव्य आलेले, पदरी एक मुलगा, केस काढलेले. सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी शिकायला सुरुवात केली. अण्णांनी काय घडवले हे पाहायचे असेल तर इमारतींच्या आधी पार्वतीबाईंकडे पाहावे. शिकून त्या आश्रमाचीच व्यवस्था पाहू लागल्या. मग वर्गणी गोळा करायला गावोगाव हिंडू लागल्या. केशवपनाची रूढी वाईट आहे असे व्याख्यानातून सांगायचे आणि स्वतः मात्र ती पाळायची, हे त्यांना खटकू लागले आणि १९१२ साली त्यांनी केस राखायला सुरुवात केली. पन्नाशीच्या आसपास, तोडकेमोडके इंग्रजी घेऊन, त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले, भाषा शिकल्या, आश्रमासाठी पैसे जमवले आणि परत येऊन पुन्हा कामाला लागल्या. ‘माझी कहाणी’ या त्यांच्या पुस्तकात हे सारे आहे. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या बाईला चारचौघांत समोर यायचीही मुभा नव्हती, तिने हे केले. त्यांचे चिरंजीव पुढे याच संस्थेच्या कामात आयुष्यभर राहिले.

आता घराकडे. समाजासाठी झटणाऱ्या माणसाच्या गौरवात घरच्यांना एका वाक्यात आटोपण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अण्णांच्या बाबतीत तसे करणे अन्यायाचे होईल. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याचा पगार मुळातच बेताचा. त्यातला वाटा आश्रमाला. घरात शिकायला ठेवलेली मुले, आश्रयाला आलेल्या विधवा. अण्णांनी आपली विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेच्या नावे करून टाकली. बायांनी विचारले, उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर मी आणि मुले कुठे जायचे? या प्रश्नाला अण्णांजवळ उत्तर नव्हते, पॉलिसी मात्र संस्थेलाच गेली. ज्या विधवांसाठी हे सारे चालले होते, त्यांतलीच एक होण्याची भीती बायांच्या मनात कायम होती, आणि ती भीती त्यांनी अनुभवातून कमावलेली होती. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी हे सडेतोड सांगून टाकले आहे. तरी त्याच बाया हिंगण्यासाठी दारोदार फिरल्या, शेकडो मुलींच्या आई झाल्या. संस्थेच्या वाटचालीत त्यांचा भाग अण्णांच्या तोडीचा आहे, असे मी मानते. सूनबाई इरावती कर्वे यांनीही सासऱ्यांवर लिहिताना हात राखला नाही: अशा माणसाची सून होण्याचा अभिमान वाटतो, पण त्यांची बायको झाले नाही हेही नशीबच, अशा अर्थाचे त्या लिहून गेल्या आहेत.

१९०७ साली महिला विद्यालय निघाले, कारण अविवाहित मुलींनाही शिकवायला हवे होते, आणि विधवाश्रमात त्यांना घालायला पालक धजत नव्हते. १९०८ साली निष्काम कर्म मठ निघाला, कारण या साऱ्या कामाला तहहयात वाहून घेणारी माणसे हवी होती. एकामागून एक संस्था काढण्याची ही हौस सहकाऱ्यांना रुचली असे नाही. आधीची अजून नीट उभी नाही, तोच दुसरी कशाला, असा प्रश्न अण्णांच्या तोंडावर विचारला गेला. आरोपात तथ्यही होते. अण्णा पैसे, माणसे, लक्ष सगळे नव्या कामाकडे वळवत. मात्र जुने काम दुसऱ्याच्या हाती सोपवल्यावर ते त्यात लुडबुड करत नसत, खुर्ची अडवून बसत नसत. मला वाटते, म्हणूनच हिंगण्याची संस्था त्यांच्यामागे टिकली. ती चालवण्याची सवय इतरांना त्यांच्या हयातीतच लागली होती.

महिला विद्यापीठाची कथा अधिक प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगते. जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपत्रिका त्यांच्या हाती पडली होती. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद मिळाले तेव्हा त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ साली पाच विद्यार्थिनींवर ते सुरूही केले. शिक्षण मातृभाषेतून. पदवीचे नावही देशी, ‘गृहीतागमा’. या पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती, तरी मुली आल्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव लागले. १९३६ साली कचेरी मुंबईला गेली, १९४९ साली कायद्याने मान्यता मिळण्याचा मार्ग खुला झाला. आण्या-दोन आण्यांच्या पावत्या फाडणाऱ्या माणसाला एकरकमी पंधरा लाख मिळाले, म्हणून त्याच्या फिरण्यात फरक पडला नाही. १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, ते युरोप, अमेरिका आणि जपानचा दौरा करून आले. बर्लिनला आइन्स्टाइन यांची भेट झाली. त्यानंतर आफ्रिकेचा दौरा. तिथेही हिंदी लोकांच्या दुकानांतून, घरांतून देणग्या गोळा केल्या.

परत आल्यावर कोणीही विसावा घेतला असता. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णांनी ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा काढायची. स्वतःच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून त्यांनी पहिली वर्गणी घातली आणि पुण्याच्या पेठांतून पुन्हा फिरू लागले. वाड्याच्या चौकात दाढीवाले म्हातारेबुवा येऊन उभे राहत. कोणी पैसा देई, कोणी आणा. पावती दोघांनाही मिळे. विद्यापीठाचा संस्थापक खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेसाठी पैसा-पैसा मागतो यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते. विधवेची पाटी, मुलीची पदवी आणि खेड्यातल्या पोराची बाराखडी, हे त्यांच्या लेखी एकच काम होते. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी समता संघ काढला, जातिभेद आणि उच्चनीचता जावी म्हणून. त्यासाठी ‘मानवी समता’ हे मासिकही चालवले.

या कामाला विधवाश्रमासारखे यश आले नाही, हे मान्य केले पाहिजे. आश्रमाच्या सुरुवातीच्या काळात तर दारे मुख्यतः उच्चवर्णीय घरांतल्या विधवांनाच उघडी होती. समाजाचा रोष ओढवून घेतला तर आहे तेही बंद पडेल, असा तेव्हाचा हिशोब होता. महात्मा फुले यांनी १८४८ सालीच पुण्यात सर्व जातींच्या मुलींसाठी दार उघडले होते, तेव्हा कर्व्यांचा हा हिशोब आज आपल्याला तोकडा वाटतो, आणि वाटलाच पाहिजे. अण्णांच्या मोठेपणाला त्याने बाध येत नाही. पण शहाऐंशीव्या वर्षी समतेसाठी नवी संस्था काढावीशी वाटणे, यात त्यांना स्वतःलाही ते तोकडेपण जाणवले होते असे मला दिसते.

घरातले अण्णा कमी बोलणारे. कौतुकाने पोरांना मांडीवर घेऊन गोष्टी सांगत बसणारे आजोबा ते नव्हते. चारही मुलगे आपापल्या वाटेने गेले आणि अण्णांनी त्यांना जाऊ दिले. थोरले रघुनाथ यांनी १९२१ साली संततिनियमनाचे काम सुरू केले, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, खटले अंगावर घेतले. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकर रसायनशास्त्र शिकवत फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. भास्कर हिंगण्यातच संस्थेच्या कामाला लागले. इरावतीबाई मानववंशशास्त्रात देशात अग्रणी ठरल्या. नातवंडांत जाई निंबकर आणि गौरी देशपांडे यांनी लेखणी धरली, आनंद कर्वे शेतीच्या संशोधनात गेले. अण्णांच्या पठडीतले म्हणावे असे यांत कोणी नाही, आणि तरी एकेकाच्या ठामपणात आजोबा ओळखू येतात. आपल्याला पटले ते करायचे, मग गाव काय म्हणते ते गावाने म्हणावे.

बाया १९५० साली गेल्या. १९५८ साली अण्णांना शंभरावे वर्ष पुरे झाले. भारतरत्न मिळाले, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले, एकशे चार वर्षांचे आयुष्य पुरे करून.

संस्था पुढे चालतच राहिली. हिंगण्याचे कर्वेनगर झाले, संस्थेला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था हे नाव मिळाले. साताऱ्याच्या आणि वाईच्या कन्याशाळांतून मुलींच्या पिढ्या शिकून गेल्या. कर्वेनगरच्या आवारात शाळा, वसतिगृहे, परिचारिका शिक्षण, वास्तुशास्त्राचे महाविद्यालय अशी भर पडत गेली, आणि १९९१ साली मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. अण्णांचा विषय गणित. त्या आवारात आज मुली सर्किटे जोडतात, यंत्रांचे आराखडे काढतात. मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून आलेल्या यांतल्या कित्येकींच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच मुलगी असते, आणि वसतिगृहात जागा मिळाली म्हणूनच बापाने तिला पाठवलेले असते. १८९६ साली जसा बापाचा विश्वास मिळवावा लागत होता, तसा तो आजही दर जूनमध्ये नव्याने मिळवावा लागतो.

मोठमोठ्या देणग्या आता संस्थेला मिळतात. पण भाऊबीज निधीची जुनी प्रथा संस्थेने सोडलेली नाही. दिवाळीच्या सुमारास कार्यकर्ते पावतीपुस्तके घेऊन बाहेर पडतात. हिंगण्याच्या मुलींना भावाची ओवाळणी म्हणून घरोघर जे मिळेल ते घ्यायचे. माझ्या माहितीतली काही घरे अशी आहेत की तिथे आजोबांच्या वेळेपासून ही पावती फाडली जाते. देणाऱ्यांची तिसरी पिढी आली. घेणाऱ्या मुलींची नावे त्यांना माहीत नसतात, आणि मुलींनाही त्यांची नसतात. रक्कम लहान असली तरी पावतीवर देणाऱ्याचे पूर्ण नाव लिहिले जाते.